पहिली मशीन घेण्याआधी तासांची वही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय 27, मुळशी तालुका. रिंग रोडमध्ये जमीन गेली, माझ्या वाट्याचे 22 लाख बँकेत पडून आहेत. नवा जेसीबी घ्यायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतो जुना पोकलेन (चेनवर चालणारं मोठं खोदाई मशीन) घे, त्यात जास्त पैसा. पाच वर्षांत पाच मशिनी करायच्या आहेत. सुरुवात कशी करू?"

भाऊ, मी 2007 पासून या धंद्यात आहे. दोन वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर हेल्पर आणि मग ऑपरेटर होतो. 2009 ला स्वतःचा पहिला जेसीबी घेतला, तोही जुना. एका काळी दारात सहा मशिनी होत्या, आज तीन आहेत. त्या तीन का झाल्या ते पुढे सांगतो, कारण तुमच्या 'पाच वर्षांत पाच'चं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही पैसे किती ते लिहिलंत, मशीन कोणती तेही लिहिलंत. काम कोणाचं आणि महिन्याला किती तासांचं, हे मात्र कुठेच नाही. शोरूममधला माणूस हा प्रश्न विचारत नाही, फायनान्सवाला विचारल्यासारखं करतो आणि कुठल्या तरी ठेकेदाराची वर्क ऑर्डर जोडून घेतो. हप्ता भरताना मात्र एवढा एकच आकडा कामाला येतो.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे माझ्या भागातले, ढोबळ आहेत. तुम्ही तुमचे घाला, रीत तीच राहील. नवा जेसीबी रस्त्यावर येईपर्यंत 36 लाख धरा. 6 लाख हातचे, 30 लाख कर्ज, 11 टक्के व्याज, 48 हप्ते. हप्ता बसतो सुमारे 77,500. ऑपरेटर आणि हेल्परचा पगार-भत्ता मिळून 35,000. विमा आणि किरकोळ कागदपत्रांचे महिन्याला 5,000. मशीन हलो न हलो, 1,17,500 रुपये जाणारच.

आता चालण्याचं बघू. तासाला 1,200 भाव मिळाला, जीएसटी वेगळा. डिझेल तासाला पाच लिटर, 90 च्या भावाने 450. ग्रीस, ऑइल, फिल्टर, बकेटचे दात, टायर, पिन-बुश यांच्यासाठी तासाला दीडशे बाजूला काढा. हे दीडशे जो काढत नाही तो तिसऱ्या वर्षी टायर बदलायला सोनं गहाण ठेवतो. उरले 600. म्हणजे 1,17,500 भागिले 600, जवळजवळ 196 तास. एवढे तास झाले की तुम्ही शून्यावर आलात, कमाई त्यानंतर. महिन्याचे 26 दिवस रोज साडेसात तास. आणि मुळशीत पाऊस किती पडतो ते मी तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर ताम्हिणीच्या बाजूला मशीन ताडपत्री घालून उभी असते आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला येतो.

हेच जुन्या मशीनचं. 16 लाखांची मशीन, 10 लाख तुमचे, 6 लाख कर्ज. जुन्यावर व्याज जास्त, 14 टक्के धरा, 36 हप्ते, हप्ता साधारण 20,500. पगार 35,000, विमा वगैरे 4,000. झाले 59,500. जुनी मशीन थोडं जास्त पिते, साडेपाच लिटर म्हणजे 495, आणि दुरुस्तीला तासाला 225 काढा. तासामागे उरले 480. म्हणजे 124 तासांना तुम्ही शून्यावर. शिवाय तुमच्या 22 लाखांतले 12 लाख अजून बँकेतच आहेत.

नव्या मशीनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 36 लाखांत साधारण साडेपाच लाख जीएसटी असतो आणि तो तुमच्या बिलांवरच्या जीएसटीतून वळता करून मिळतो. वॉरंटी असते, ऑपरेटर खुशीत असतो, मोठ्या कंपन्या साइटवर जुनी मशीन घेत नाहीत. पण 1 जानेवारी 2025 पासून अशा मशिनींसाठी सीईव्ही स्टेज 5 चे नियम आले. धुराचे निकष कडक झाले, किंमत वाढली, आणि गावातला मिस्त्री पाना घेऊन जे दुरुस्त करायचा त्यातलं बरंच आता लॅपटॉपवर गेलं. पहिल्याच मशीनला कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत बसणं परवडेल का, हे तुमचं तुम्ही बघा. माझं मत सरळ आहे. ज्याच्या हातात वर्षाचं लेखी काम नाही त्याने पहिली मशीन नवी घेऊ नये.

पोकलेनबद्दल. (गंमत बघा, पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, हायवा हेही कंपनीचंच नाव आणि जेसीबी म्हणजे मूळ मालकाच्या नावाची आद्याक्षरं. आपल्याकडे बारशाला कंपन्याच बसतात.) मित्र म्हणतो ते अर्धं खरं आहे. 20 टनी पोकलेनचं महिन्याचं बिल मोठं दिसतं. पण तो तासाला तेरा-चौदा लिटर डिझेल पितो, म्हणून आपण बहुतेक वेळा डिझेल पार्टीचं ठरवून महिन्याच्या भाड्याने लावतो. दिवसाचे दहा तास, 26 दिवस, महिन्याला 260 तास अशी बोली असते. तो रस्त्यावरून चालत जात नाही, प्रत्येक वेळी लोबेड (मशीन वाहून नेणारा बुटका ट्रेलर) बोलवावा लागतो. पौडहून चाकणला न्यायचा आणि चार दिवसांनी परत आणायचा, तर कमाई लोबेडवालाच घेऊन जातो.

पण खरा फरक याहून वेगळा आहे. जेसीबीला महिन्यात पंधरा-वीस गिऱ्हाइकं असतात. कोणाची विहिरीची माती, कोणाचं फुटिंग, कोणाच्या ड्रेनेज लाइनचा चर. त्यातले निम्मे संध्याकाळी रोख देतात, आणि एखाद्याने बुडवलं तर पाच-सात हजार जातात. पोकलेनला गिऱ्हाईक एकच असतं. त्याने तीन महिने पैसे लटकवले की तुम्ही संपलात. 2015 साली बाणेरच्या बाजूला एका बेसमेंटच्या खोदाईत माझे साडेचार लाख असेच अडकले. काम चोख, लॉगबुकावर सह्या, सगळं होतं. साहेब रोज 'बुधवारी या' म्हणायचे. कुठला बुधवार, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी दीड वर्षाने तीन लाखांवर तोड झाली. त्या दीड वर्षात मी जेसीबीच्या रोखीवर घर चालवलं आणि पोकलेनचा हप्ताही त्याच रोखीतून भरला. म्हणून आधी जेसीबी, पोकलेन नंतर. पहिल्यांदाच पोकलेन घेणाऱ्यांतले टिकलेले मी पाहिलेत, पण त्यांचा मामा नाहीतर सासरा बिल्डर होता.

आता वहीचं. पुढचे चार महिने मशीन घेऊ नका, मशीनचं काम घ्या. शंभर पानी वही आणा. गावात, नात्यात, प्लॉटिंगवाल्यांकडे, ग्रामपंचायतीच्या ठेकेदारांकडे सांगून ठेवा की खोदाई असेल तर मला फोन करा. काम आलं की ओळखीच्या मालकाची मशीन लावा, तासामागे पन्नास-शंभर रुपये तुमचे. रोज लिहा: तारीख, साइट, कोणती मशीन, किती तास, काय भाव, पैसे कधी आले. शेवटचा रकाना सोडू नका. चार महिन्यांनी वही सांगेल की तुमच्या शब्दावर महिन्याला किती तास निघतात, कोण कधी पैसे देतो आणि लोक तुमच्याकडे नक्की काय मागतात. पौडच्या चौकात सकाळी सातला उभं राहून किती जेसीबी कामाविना उभे आहेत तेही मोजा. गावोगावी मोबदल्याचे पैसे आलेत आणि सगळ्यांना एकाच वेळी एकच मशीन सुचते.

त्यातच जमल्यास दोन महिने एखाद्या चांगल्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून जा. लाज वाटून घेऊ नका. मशीन चालवता न येणाऱ्या मालकाला ऑपरेटर पहिल्या आठवड्यात ओळखतो. 'शेठ, पंप गेला' म्हणाला की तुम्ही पंपाचे पैसे काढता, आणि गेलेला असतो चारशे रुपयांचा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी.

वहीत महिन्याला दीडशे तासांच्या वर दिसले तर जुना जेसीबी बघायला निघा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच गेलेत. 2009 ची माझी पहिली मशीन मी भोसरीच्या एका यार्डातून घेतली. पिवळा रंग असा की डोळे दिपावेत. तिसऱ्या महिन्यात मागच्या बाजूला, बूम (खोदायचा लांब हात) जिथे चासीला धरतो तिथे, रंगाखालून वेल्डिंगची भेग उघडली. रंग नवा असेल तिथे नखाने खरवडून बघायचं, हे मला एका मिस्त्रीने नंतर सांगितलं. तोवर सव्वा लाख गेले होते.

बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी आल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय. थंड इंजिन एका सेल्फला उठतं का, धूर कसा येतो ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर सोडून द्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. वाफ जोरात फुसफुसत येत असेल तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. हायड्रॉलिक ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पुढची बकेट माती भरून छातीएवढी उचला, इंजिन बंद करा, चहा घ्या. दहा मिनिटांत बकेट खाली बसली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतायत. या वेळी बकेटखाली कोणाला उभं राहू देऊ नका. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बोट फिरवा, ओरखडा नखाला लागला की प्रत्येक नवं सील तो फाडणार. मागची बकेट जमिनीला टेकवून आडवी हलवा आणि किंगपोस्टच्या, म्हणजे मागचा बूम ज्यावर वळतो त्या सांध्याच्या, पिनांकडे बघा. अंगठ्याएवढा खेळ दिसला तर किमतीतून लाखभर कमी करायला सांगा. मग चढावर दुसऱ्या गिअरला घेऊन जा. ट्रान्समिशन घसरत असेल तर ते तिथेच कळतं.

अवरमीटरवर विश्वास ठेवू नका. 4,200 तास दाखवणाऱ्या मशीनची पायरी आणि ब्रेकचं पेडल गुळगुळीत झालेलं असेल तर ती दहा हजार तास चाललेली आहे. अलीकडच्या बहुतेक मशिनींचे तास आणि ठिकाण कंपनीकडे मोबाइलमार्गे जातात. जेसीबीचं लाइव्हलिंक तेच आहे. विकणाऱ्याच्या समोर त्याच्याच मोबाइलवर ते उघडायला सांगा, आणि मशीनचा सिरियल नंबर घेऊन डीलरकडे सर्व्हिसचा इतिहास विचारा. मालक यातलं काहीच करायला तयार नसेल तर त्याचं कारण शोधत बसू नका, चहाचे पैसे देऊन निघा.

कागद. जेसीबी चाकांवर चालतो म्हणून त्याची आरटीओ नोंदणी असते. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे का बघा. असेल तर एनओसी आणि बोजा उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. लोखंडी चेनवर चालणाऱ्या पोकलेनला आरसी नसते. त्याची जन्मपत्रिका म्हणजे मूळ बिल. ते हरवलंय म्हणाला तर ती मशीन चोरीची किंवा हप्ते थकलेली असायची दाट शक्यता. विमा घेताना एक प्रश्न लेखी विचारा: काम करता करता मशीन उलटली तर पैसे मिळणार का? साध्या मोटार विम्यात ते धरलेलं नसतं, त्यासाठी जादा प्रीमियम भरून ते धरून घ्यावं लागतं. पोकलेनला सीपीएम, म्हणजे ठेकेदारांच्या यंत्रांची, पॉलिसी येते. डोंगरउतारावर काम करणाऱ्या मुळशीकराने यात दोन-चार हजार वाचवू नयेत.

आता अशी गोष्ट जी तुमच्या भागात मशीनपेक्षा महाग पडू शकते. फोन येतो, 'रात्री दहाला या, मुरूम काढायचाय, दुप्पट भाव.' जाऊ नका. मुरूम गौण खनिज आहे. परवानगी आणि रॉयल्टीशिवाय उचलला तर जमीन महसूल कायद्याच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि मशीन तहसीलच्या आवारात जाते. सोडवायचा दंड वेगळा, तोही लाखांत. ज्याने दुप्पट भाव कबूल केला तो त्या दिवशी फोन उचलत नाही. टेकडीफोडीचंही तेच. फार्महाउसवाल्यांना डोंगर सपाट हवा असतो, परवानगी कागदावर नसते आणि पंचनाम्यात नाव मशीनमालकाचं येतं. आणि बांधाला बकेट लावण्याआधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा मागा. भावकीच्या भांडणात एका बाजूने मशीन आणली की दुसरी बाजू पहिली तक्रार ऑपरेटरवरच करते. माझा ऑपरेटर यात पौड चौकीत अर्धा दिवस बसून आला आहे.

शहराकडे काम कराल तेव्हा जमिनीखाली काय आहे ते विचारल्याशिवाय चर खणू नका. पाण्याची लाइन, गॅस, वीज, फायबर, सगळं एकमेकांवर बसलंय आणि नकाशा कोणाकडेच धड नसतो. केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप 2023 मध्ये आलं, त्यावर चौकशी टाकून तिचा पुरावा जपून ठेवा. एकदा माझ्या मशीनने औंधमध्ये पाण्याची लाइन फोडली तेव्हा ठेकेदार म्हणाला मी सांगितलं होतं, मी म्हणालो नव्हतं सांगितलं. लिहिलेलं काहीच नसल्यामुळे पैसे माझेच गेले. आणि चर माणसाच्या छातीहून खोल जात असेल तर बाजूला टेकू दिल्याशिवाय आत मजूर उतरवू देऊ नका. काळी माती दिसायला घट्ट असते आणि पाऊस पडला की एका क्षणात बसते.

पुण्याच्या जमिनीबद्दल एवढं सांगतो की वर काळी माती, मग मुरूम, आणि खाली काळा बेसाल्ट. म्हणून गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यातच विचारेल, 'ब्रेकर आहे का?' म्हणजे बकेटच्या जागी लावायचा खडक फोडायचा हातोडा. जुन्या जेसीबीला ब्रेकर लावायचा मोह आवरा. ब्रेकरचे हादरे बूमच्या पिना, बुश आणि वेल्डिंग खातात. लावायचाच तर भाव चांगला वाढवून घ्या आणि ऑपरेटरला बजावा: एकाच जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठोकायचं नाही, छिन्नी हवेत मोकळी चालवायची नाही, दर दोन तासांनी ग्रीस. आणि पुढे कधी जुना पोकलेन बघायला गेलात तर पहिलं हेच विचारा की तो ब्रेकरवर किती चालला. तसेच चेन, रोलर आणि चेन फिरवणाऱ्या चाकाचे (स्प्रॉकेटचे) दात बघा. टोकदार झालेले दात म्हणजे काही लाखांचा खर्च वाट बघतोय.

ऑपरेटरला पगार वेळेत द्या. स्वस्तातला ऑपरेटर घेऊ नका, तो महिन्याला पाच हजार वाचवतो आणि पंचवीस हजारांचं मोडून ठेवतो. डिझेल तुम्ही स्वतः भरा, टाकीला कुलूप लावा आणि दर आठवड्याला लिटर भागिले तास करून वहीत लिहा. आकडा अचानक वाढला तर आरडाओरडा करायच्या आधी इंजेक्टर तपासा. मी एका चांगल्या माणसाला चोर ठरवून घालवलं, आणि नंतर कळलं पाइपच गळत होता. तो आजही दुसऱ्याकडे चालवतो. समोर आला की नमस्कार करतो, मला मान वर करवत नाही.

पैशांच्या वसुलीचं. रोजच्या स्लिपवर चालू-बंद वेळ आणि साइटवरच्या माणसाची सही, ती नसेल तर दुसऱ्या दिवशी मशीन हलवायची नाही. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2024 पासून मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले मार्च जवळ आला की आता स्वतः फोन करतात. गावातल्या प्लॉटिंगवाल्याला याचा काडीचा फरक पडत नाही, त्याच्याकडून आधी डिझेलपुरता ॲडव्हान्स घ्या. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. मग बिल केलं की पैसे येवोत न येवोत, 18 टक्के पुढच्या महिन्यात सरकारला भरावे लागतात. दीडशे तासांचं 1,80,000 चं बिल, त्यावर 32,400 तुम्ही खिशातून भरणार. डिझेलवरचा कर वळता होत नाही, कारण डिझेल जीएसटीत नाहीच.

याचसाठी ते 12 लाख बँकेत ठेवायला सांगितले. जुन्या मशीनवर महिन्याला डिझेल, पगार आणि हप्ता धरून सव्वा ते दीड लाख रोख लागतात, आणि मोठ्या पार्टीचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. चार लाख त्यासाठी. तीन लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला, जुनी मशीन मागणारच. उरलेल्या पाचांना हात लावू नका. तुम्ही म्हणाल, मग 6 लाखांचं कर्ज तरी कशाला, रोखीने घेतो. घेता येईल. पण वेळेवर फेडलेले छत्तीस हप्ते नसतील तर दुसऱ्या मशीनला बँक दारात उभं करत नाही. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना तुम्हाला लागू होते का तेही बँकेत जाण्याआधी बघून ठेवा. कर्ज मंजूर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

आता वाढायचं कसं. 2011 ला मला दुसरा जेसीबी घ्यायचा होता, बयाणासुद्धा ठरला होता. वही उघडली तर दिसलं की वर्षभर मी दुसऱ्याचे जेसीबी फार थोडे लावलेत, पण डंपर जवळजवळ रोज भाड्याने घेतलेत. आणि माझा स्वतःचा जेसीबी साइटवर डंपरची वाट बघत उभा असायचा. हिशेब सोपा आहे. पुढची बकेट साधारण 1.1 घनमीटरची, एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. चार ब्रासची गाडी दहा-अकरा बकेटांत भरते, सहा-सात मिनिटांचं काम. गाडीची फेरी तासाभराची आणि गाड्या दोनच, तर मशीन तासातली पंचेचाळीस मिनिटं नुसती धूर काढते, आणि पार्टी म्हणते तुमचा जेसीबी हळू चालतो. दुसरा जेसीबी घेतला असता तर दोघं मिळून डंपरची वाट बघत बसले असते. मी डंपर घेतला. पहिल्याच हंगामात जेसीबीचे बिलाचे तास वाढले, मशीनला हातही न लावता. तेव्हापासून माझा नियम असा की जी मशीन मी दुसऱ्याकडून वर्षभर भाड्याने आणून थकलो तीच पुढची. पोकलेन 2014 ला घेतला, तोही दोन वर्षं दुसऱ्याचा लावून झाल्यावर.

मग मी तो नियम मोडला. 2017 ते 2019 मध्ये काम भरपूर होतं, फायनान्सवाले घरी येऊन बसायचे, आणि मी दोन वर्षांत तीन मशिनी घेतल्या. वहीत त्यांचे तास नव्हते, दुसऱ्याच्या दारात दिसल्या म्हणून घेतल्या. सहा मशिनी म्हणजे सहा ऑपरेटर, सहा हप्ते, आणि मी दिवसभर गाडीत, फोनवर. कुठल्याच साइटवर मी नव्हतो. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिलं. दिवाळीपर्यंत तीन मशिनी विकल्या, दोन तोट्यात. उरलेल्या तीन आज कर्जमुक्त आहेत आणि त्यांच्यावर माझा संसार त्या सहांपेक्षा बरा चालतो.

म्हणून पाच वर्षांत पाच हा आकडा आत्ता कुठेही लिहू नका. दुसरी मशीन तेव्हा बघा जेव्हा पहिलीचं निम्म्याहून जास्त कर्ज फिटलंय आणि सलग दोन पावसाळे तुम्ही बँकेतले पाच लाख न मोडता काढलेत.

वेळेचं एक राहिलं. मे महिन्यात सूट मिळते म्हणून मशीन घेणारे दरवर्षी भेटतात. ती सूट पावसाळ्यातले चार हप्ते खातात. चार महिने वही भरा आणि दसऱ्याच्या आगेमागे मशीन दारात आणा, खंडेनवमीला पूजा करा, म्हणजे पुढे सलग सात-आठ महिने कामाचे मिळतात. जून-जुलैत विकणारा घाईत असतो, तेव्हा बघायला सुरुवात केलीत तर भावही बरा मिळतो. मशीन ठरली की पैसे देण्याआधी एखादा ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. त्याला दिवसाची दोन हजार मजुरी द्या आणि त्याने नको म्हटलं तर नको.

आणि चार महिन्यांनी वहीत महिन्याला शंभर तासही निघाले नाहीत, तर 22 लाखांची मुदत ठेव करा आणि दुसऱ्यांच्या मशिनी लावत राहा. तासामागे शंभर रुपये, ना हप्ता, ना डिझेल. माझ्या ओळखीतला एक जण बारा वर्षं एवढंच करतो, त्याच्या नावावर एकही मशीन नाही. पावसाळ्यात माझा हप्ता अडला की उसने पैसे मी त्याच्याकडून आणायचो.